काम हाताचे, धंदा वहीचा
नव्या वर्षात छोट्या ठेकेदार-कारागिरांनी काय करावे?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. संध्याकाळी आमच्या वस्तीतील एक रंगारीकाका ओट्यावर बसून खिशातली मळकी डायरी चाळत होते. तिच्यात फोन नंबर होते, पत्ते होते, कुठे कोपऱ्यात "२००० घेतले" असे लिहिलेले होते. कोणाकडून घेतले, कशाचे घेतले, ते मात्र नव्हते.

"काका, यंदा कामं कशी झाली?" आम्ही सहज विचारले.

"कामाला तोटा नाही बाबा. दिवाळीपर्यंत एक दिवस बसून नव्हतो. पण हातात काय राहिलं ते विचारू नकोस. एका गृहस्थाकडे अठरा हजार अडकलेत. तो म्हणतो, सगळे दिले. मी म्हणतो, नाही दिले. त्याच्याकडे कागद नाही, माझ्याकडेही नाही."

आत त्यांची मुलगी अभ्यास करीत होती. ती बारावीला, वाणिज्य शाखेला आहे. तिच्या पुस्तकात जमा-नावे, रोजकीर्द, खतावणी सारे काही आहे. परीक्षेच्या फीसाठी काकांनी त्याच आठवड्यात शेजाऱ्याकडून उसने पैसे आणले होते. लेक घरात जमाखर्च शिकते आणि बापाचा हिशेब मात्र डोक्यात! हे चित्र त्या एका घरचे नाही. आपल्या वस्त्या-वस्त्यांतून रंगारी, गवंडी, प्लंबर, वायरमन, लादी बसविणारे, सुतार, फॅब्रिकेशनवाले असे हजारो बांधव स्वतःच्या हिमतीवर कामे घेतात. त्यांच्या हाताला यश आहे, कष्टाला कमी नाही. तरीही वर्षाच्या अखेरीस हात रिकामे का? नव्या वर्षाच्या तोंडावर या प्रश्नाचा विचार घरातल्या सर्वांनी मिळून केला पाहिजे.

आपण मजूर की ठेकेदार?

आधी एक गोष्ट मनाशी पक्की केली पाहिजे. नाक्यावर उभा राहून रोजावर जाणारा माणूस संध्याकाळी आपला रोज घेऊन घरी येतो. माल कमी पडला, पाऊस आला, मालकाने बेत बदलला, तर तो त्याचा प्रश्न नसतो. पण "एवढ्या रकमेत हे काम करून देतो" असा शब्द ज्या क्षणी आपण देतो, त्या क्षणी आपण धंदेवाईक होतो. मग काम सहा दिवसांऐवजी नऊ दिवस चालले तर वरचे तीन दिवस आपल्या पदरचे. हेल्परचा पगार, टेम्पोचे भाडे, तुटलेली लादी, सारे आपल्या खिशातून जाते.

आपले पुष्कळ बांधव जोखीम ठेकेदाराची घेतात आणि दर मात्र मजुराचा लावतात. आतबट्ट्याचा व्यवहार होतो तो इथेच.

गेल्या वर्षाची उजळणी

जानेवारीतला एक रविवार यासाठी काढावा. जुनी डायरी, बँकेचे पासबुक, मोबाईलवरील पैशांच्या नोंदी, दुकानाच्या पावत्या असे जे सापडेल ते घेऊन घरातल्या लिहित्या माणसाला शेजारी बसवावे. पत्नी असो, मुलगी असो की मुलगा. एका कोऱ्या पानावर गेल्या वर्षातली कामे आठवतील तशी लिहावीत आणि प्रत्येक कामापुढे पाच रकाने करावेत : काय ठरले होते, किती मिळाले, हेल्पर व मालावर किती गेले, किती दिवस लागले आणि किती येणे बाकी आहे.

हिशेब पैशापैशाला जुळणार नाही. न जुळू दे. पण दोन तासांत काही गोष्टी लख्ख दिसू लागतात. कोणत्या प्रकारच्या कामात चार पैसे राहिले, कोणत्या कामात उगाच राबलो, कोणता गिऱ्हाईक वेळेवर देतो आणि कोणता दर वेळी झुलवतो, हे उमगते. पुढच्या वर्षी कोणाला 'हो' म्हणायचे आणि कोणाला हात जोडायचे, ते या पानावरून ठरवावे.

आपला दर आपणच काढावा

"बाजारात हाच दर आहे" असे सगळे म्हणतात. बाजाराचा दर माहीत असावाच, पण त्याआधी आपला स्वतःचा दर माहीत असला पाहिजे. तो कसा काढायचा, ते एका उदाहरणाने पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत.

समजा, एका कारागिराच्या घराला महिन्याला २५,००० रुपये लागतात. म्हणजे वर्षाचे ३,००,००० झाले. धंद्यासाठी प्रवास, मोबाईल, ब्रश-रोलर, शिडी, यंत्राची दुरुस्ती, विमा असा वर्षाचा खर्च ४५,००० होतो. आजारपण आणि अडीअडचणीसाठी १५,००० बाजूला ठेवायचे. एकूण झाले ३,६०,००० रुपये.

आता वर्षाचे दिवस ३६५ असले, तरी पैसे मिळणारे दिवस तेवढे नसतात. पावसाळा, सणवार, लग्नकार्य, आजारपण, काम पाहायला जाणे, माल आणणे, उधारी मागत फिरणे यात कितीतरी दिवस जातात. समजा, कामाचे दिवस २४० भरले. ३,६०,००० ला २४० ने भागले की १,५०० रुपये येतात. हा त्या कारागिराचा खरा रोज. तो जर स्वतःचा रोज १,००० धरून कामे घेत असेल, तर दर दिवशी ५०० रुपयांची तूट येते. वर्षाची तूट १,२०,००० रुपये! ही तूट मग सावकाराकडून, बायकोच्या दागिन्यांतून किंवा मुलांच्या शिक्षणातून भरून निघते.

आता एक काम घेऊ. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, फक्त मजुरीवर रंगवायचे. सहा दिवसांचे काम, दोन हेल्पर. हेल्परचा रोज ८०० रुपये धरला तर ९,६०० रुपये. ने-आण खर्च १,०००. स्वतःचे सहा दिवस १,५०० प्रमाणे ९,०००. बेरीज १९,६००. एखादा दिवस वाढला, भिंतीला ओल निघाली, तर त्यासाठी दहा टक्के म्हणजे १,९६० वर धरावेत. म्हणजे साडेएकवीस हजारांच्या आसपास दर सांगावा लागतो.

पण आपण काय करतो? खोल्यांवरून नजर फिरवून म्हणतो, "द्या पंधरा हजार, करून टाकतो." पंधरा हजारांतून हेल्पर आणि ने-आण यांचे १०,६०० गेले की उरतात ४,४००. सहा दिवसांनी भागले तर रोज ७३३ रुपये. म्हणजे ज्याने काम मिळवले, जबाबदारी घेतली, गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली, त्याला त्याच्याच हेल्परपेक्षा कमी मिळाले!

गिऱ्हाईक घासाघीस करणारच. अशा वेळी दर कमी करण्याऐवजी काम कमी करावे. "साहेब, एवढ्यात बसवायचे असेल तर छताला एकच हात मारू, खिडक्या-दारे पुढच्या वर्षी करू," असे सांगावे. काम तेवढेच ठेवून पैसे सोडले, तर आपण आधी जास्त सांगत होतो असा गिऱ्हाइकाचा समज होतो.

तोंडी नको, चिठ्ठी द्या

ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाच्या कारागिराने आपल्या घामाचा हिशेब दुसऱ्याच्या आठवणीवर सोडू नये. दराची चिठ्ठी, म्हणजेच कोटेशन, हे काही मोठ्या कंपन्यांचेच काम नाही. वहीचे एक पान पुरते. तिच्यात पुढील गोष्टी असाव्यात :

१) कोणते काम, कोणत्या जागी. 'रंगकाम' एवढेच लिहू नये. "हॉल व दोन खोल्यांच्या भिंती, छतासह. घासणे, एक हात प्राइमर, दोन हात लांबी, दोन हात रंग" असे लिहावे.

२) मोजमाप कसे धरायचे. चौरस फुटावर दर असेल तर दारे-खिडक्या वजा करायच्या की नाही, हे आधीच ठरवावे. शेवटच्या दिवशीची निम्मी भांडणे टेप लावताना होतात.

३) माल कोणाचा. मजुरीवर की मालासकट? मालासकट असेल तर कोणत्या दर्जाचा?

४) काय धरलेले नाही. डेब्रिज उचलणे, सामान हलविणे, ओल काढणे, परांची बांधणे हे दरात आहे की वेगळे?

५) पैसे केव्हा व किती.

६) दर किती दिवस लागू राहील. मालाचे भाव वाढतात, म्हणून "हा दर १५ दिवसांपुरता" असे लिहावे.

पैशांच्या बाबतीत एक साधा नियम पाळावा. आपले केलेले काम आणि मिळालेले पैसे यांत फार अंतर पडू देऊ नये. सुरुवातीला तीस टक्के, निम्मे काम झाले की तीस टक्के, शेवटचा हात मारण्यापूर्वी तीस टक्के आणि काम ताब्यात देताना उरलेले दहा टक्के, अशी वाटणी केली तर पैसे बुडायचे झाले तरी दहा टक्के बुडतात, अख्खी मजुरी बुडत नाही. माल आपण आणणार असू तर मालाचे पैसे आधीच घ्यावेत. दुसऱ्याच्या भिंतीत आपण उधारीचा माल घालू नये.

आणि ते प्रसिद्ध "जाता जाता"! "मिस्त्री, जाता जाता तेवढी गॅलरी पण करून टाका." नाही म्हणवत नाही, आणि गॅलरीत दीड दिवस जातो. अशा वेळी हसतमुखाने म्हणावे, "करतो ना ताई, गॅलरीचे एवढे होतील, तेवढे चिठ्ठीत वाढवून घेऊ." लगेच मोबाईलवर एक ओळीचा संदेश टाकावा : "आज बोलल्याप्रमाणे गॅलरीचे वाढीव काम, रुपये इतके." समोरून 'ठीक आहे' आले की झाले. पैसे मिळाले की त्याचीही पोच अशीच द्यावी. अठरा हजारांचा वाद अशा दोन ओळींनी मिटला असता.

आपल्यापैकी काहींना आणखी एक अनुभव येतो. आडनाव कळले की समोरच्याचा सूर बदलतो, ठरलेले पैसे द्यायला खळखळ होते. अशा माणसाचे मन आपण एका दिवसात बदलू शकणार नाही. पण चिठ्ठीवर त्याची सही असेल, तर त्याला आकडा बदलता येत नाही.

पैसे अडकलेच तर

काम संपले त्याच दिवशी बिल द्यावे. बिलावर तारीख, कामाचे नाव, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम आणि बाकी लिहावी. आठ दिवसांनी आठवण करावी, पंधरा दिवसांनी लेखी मागणी करावी. आवाज चढवू नये, दारात तमाशा करू नये. त्याने पैसे तर येत नाहीतच, उलट आपलीच तक्रार होते.

कायद्याची मदतही आहे. केंद्र सरकारच्या उद्यम नोंदणीची सोय १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती आधार क्रमांकावर, इंटरनेटवरून, विनामूल्य होते. कोणी 'फी'च्या नावाखाली हजार-पाचशे मागत असेल तर देऊ नयेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत छोट्या उपक्रमाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, आणि राज्य सरकारने नेमलेल्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नोंदणी काम घेण्याआधी झालेली असावी, नंतर केली तर वाद उपस्थित होतो. आणि माल व मजुरी एकत्र असलेल्या बांधकामाच्या ठेक्यांना हा कायदा लागतो की नाही, याबद्दल न्यायालयांत वाद झालेले आहेत. म्हणून रक्कम मोठी असेल तर वकिलाला विचारूनच पाऊल टाकावे.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे, तेव्हा जातीचा दाखला घेऊन तालुका किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात जावे. स्त्रियांनाही ही मदत आहे. लोकअदालतीत खटला भरण्यापूर्वीही तडजोड होऊ शकते. केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा करायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. म्हणून "बघू, देईल कधीतरी" म्हणत वर्षे घालवू नयेत.

घरचा खिसा वेगळा, धंद्याचा वेगळा

रंगारीकाकांना चाळीस हजारांचा आगाऊ हप्ता मिळाला की घरात आनंद होतो. त्या आठवड्यात किराणा भरतो, मोबाईल येतो, पाहुणचार होतो. पण त्या चाळीस हजारांत रंगाचे पैसे असतात, हेल्परचा पगार असतो. ती काकांची कमाई नसतेच. मग काम अर्ध्यावर असताना पैसे संपतात आणि दुसऱ्या कामाचा आगाऊ घेऊन पहिले काम पुरे करावे लागते. ही टोपी फिरवाफिरवी एक दिवस उघडी पडते आणि नाव खराब होते.

उपाय सोपा आहे. धंद्याचे बँक खाते वेगळे ठेवावे. येणारा प्रत्येक रुपया त्या खात्यात जमा व्हावा. त्यातून ठरलेल्या तारखेला, जमल्यास दर आठवड्याला, घरखर्चासाठी ठरलेली रक्कम घरात द्यावी. आपणच आपला पगार काढावा. सुगीच्या महिन्यांत उरलेले पैसे खात्यातच राहू द्यावेत, कारण पावसाळा येणारच आहे.

वहीचे काम घरातल्या माणसाकडे द्यावे. आपल्या कित्येक भगिनी बचत गट चालवतात, त्यांच्या वह्या बँकेचे साहेब वाखाणतात. मग नवऱ्याच्या धंद्याची वही त्यांच्या हाती का नसावी? रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटे पुरतात. आज काय आले, काय गेले, कोण हेल्पर कामावर होता, कोणाचा खाडा झाला, कोणाला किती उचल दिली, एवढेच लिहायचे. त्यातून घरालाही कळते की पैसा येतो कसा आणि जातो कुठे. गुत्त्यावर जाणारा पैसाही मग वहीत दिसतो, आणि दिसला की थांबविता येतो.

सावकाराचा हिशेबही वहीत मांडून पाहावा. महिना दहा टक्क्यांनी वीस हजार घेतले, तर महिन्याला दोन हजार नुसते व्याज जाते. दहा महिन्यांत वीस हजार व्याजात जातात आणि मुद्दल तसेच डोक्यावर राहते.

बँकेत नाव असू द्या

कर्ज काढायचेच तर हत्यारासाठी, यंत्रासाठी काढावे, घरखर्चासाठी नव्हे. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळते. ५०,००० पर्यंत 'शिशु', त्यापुढे ५ लाखांपर्यंत 'किशोर' आणि १० लाखांपर्यंत 'तरुण' असे त्याचे गट आहेत. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांसाठीच आहेत. जिल्हा कार्यालयात जाऊन सध्या कोणती योजना चालू आहे आणि कोणती कागदपत्रे लागतात ते विचारून घ्यावे. गवंडी, सुतार, लोहार यांसारख्या अठरा कारागिरींसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिले कर्ज १ लाखाचे, ते फेडले की दुसरे २ लाखांचे, अशी तरतूद आहे. रंगारी, प्लंबर आणि वायरमन हे त्या अठरांत नाहीत, त्यांनी मुद्रा किंवा महामंडळाकडे जावे.

पण कोणतीही बँक पहिला प्रश्न विचारते, "उत्पन्न किती?" वर्षभर सारा व्यवहार रोखीत झाला असेल तर उत्तर देता येत नाही. पैसे खात्यात आले, वही नीट असली, विवरणपत्र भरलेले असले, तर कागदच उत्तर देतो.

कंपनीचे किंवा मोठ्या संस्थेचे काम करणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. एका बिलाची रक्कम ३०,००० च्या वर किंवा वर्षाची एकूण रक्कम १ लाखाच्या वर गेली की ते बिलातून १ टक्का प्राप्तिकर कापून घेतात. पॅन क्रमांक दिला नाही तर हीच कपात २० टक्के होते. आपले उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असेल तर विवरणपत्र भरून हे पैसे परत मिळतात. पुष्कळजण ते मागतच नाहीत. जीएसटीची नोंदणी मात्र आपल्या राज्यात सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावरच सक्तीची होते. मालासकट ठेका घेत असाल तर मालाची रक्कमही त्या उलाढालीत धरली जाते, हे विसरू नये.

ज्यांचा व्याप वाढला आहे, त्यांच्यासाठी आणखी एक दार उघडे आहे. केंद्र सरकारच्या खात्यांनी व कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या सूक्ष्म व लघु उपक्रमांकडून करावी, असे धोरण २०१२ पासून आहे. ते बांधकामाच्या ठेक्यांसाठी नाही, वस्तू आणि सेवांसाठी आहे. साफसफाई, देखभाल-दुरुस्ती, कपडे शिवणे, फर्निचर पुरविणे अशी कामे करणाऱ्यांनी उद्यम नोंदणीत आपला प्रवर्ग बरोबर लिहावा.

सोबतच्या माणसांचे काय?

आपण कालपर्यंत कोणाच्या तरी हाताखाली होतो. आपली उचल कोणी दाबून ठेवली होती, त्याचा राग आजही आहे. मग आपल्या हाताखालच्या पोराची मजुरी आपल्याकडून थकता कामा नये. शनिवारी पगार म्हणजे शनिवारीच. हजेरीची वही त्याला दाखवावी, उचल दिली की त्याची सही घ्यावी.

बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि गेल्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. हेल्परने असा दाखला मागितला तर टाळाटाळ करू नये. आपली हजेरीवही असेल तर तो खरा देता येतो. काम केलेच नाही अशा माणसाला मात्र भिडेखातर दाखला देऊ नये.

परांचीवर चढताना पट्टा आणि हेल्मेट, विजेच्या कामाआधी मेन स्विच बंद, ही शिस्त मालकाने नव्हे, आपण लावायची. विजेचे काम परवानाधारकानेच करायचे असते. बिनपरवाना वायरिंग करून अपघात झाला तर जन्माची कमाई जाते. बँकेतून वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा होतो, अपघाती मृत्यू वा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख रुपये मिळतात. वय १८ ते ७० हवे. एका चहा-नाश्त्याचे पैसे आहेत. आपला आणि प्रत्येक हेल्परचा हा विमा जानेवारीतच काढून टाकावा.

काम चालून यावे म्हणून

नवे गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा जुने सांभाळणे स्वस्त पडते. गेल्या तीन वर्षांतील चांगल्या गिऱ्हाइकांची यादी करावी. पावसाळा संपला की त्यांना फोन करून विचारावे, "भिंतीला ओल आली का? काही डागडुजी आहे का?" एप्रिल-मे महिन्यांत गच्चीच्या गळतीची कामे असतात, १४ एप्रिलपूर्वी वस्त्या-विहारांतून रंगाची लगबग असते, गणपती ते दिवाळी घरांची रंगरंगोटी चालते. प्रत्येक हंगामाच्या महिनाभर आधी लोकांच्या कानावर आपले नाव गेले पाहिजे.

कामाआधीचा आणि कामानंतरचा फोटो घरमालकाला विचारून काढून ठेवावा. वेळ दिली ती पाळावी, आणि जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवावे. काम संपल्यावर जागा झाडून द्यावी. गिऱ्हाईक लांबीचे हात मोजत बसत नाही, पण फरशीवरचे रंगाचे ठिपके त्याला रोज दिसतात.

एकाच वस्तीत रंगारी, प्लंबर, वायरमन, लादीवाला असे चौघे असतात. चौघांनी एकमेकांची नावे गिऱ्हाइकाला सांगितली, महिन्यातून एकदा बसून दरांची चर्चा केली, तर परस्परांचे पाय ओढत दर पाडण्याची पाळी येणार नाही. महागडे यंत्रही चौघांत मिळून घेता येते. मात्र त्याचा वापर आणि दुरुस्ती कोणाकडे, तेही लिहूनच ठरवावे.

जानेवारीचे चार रविवार

सगळे एकदम होणार नाही. म्हणून पहिल्या रविवारी गेल्या वर्षाची उजळणी करावी आणि येणे बाकीची यादी तयार करावी. दुसऱ्या रविवारी आपला रोज काढावा आणि कोऱ्या कोटेशनचा एक नमुना लिहून त्याच्या प्रती काढाव्यात. तिसऱ्या आठवड्यात बँकेत जाऊन वेगळे खाते आणि विमा, तसेच उद्यम नोंदणी ही कामे उरकावीत. चौथ्या रविवारी हाताखालच्या माणसांना बोलावून पगाराचा दिवस, हजेरी आणि सुरक्षेचे नियम समजावून सांगावेत. फेब्रुवारीपासून रात्रीची दहा मिनिटे वहीची.

रंगारीकाकांच्या घरी परवा पुन्हा जाणे झाले. अठरा हजार अजून आलेले नाहीत. पण मुलीने शंभर पानी वही आणली आहे, तिच्यावर नव्या वर्षाची तारीख घालून जमा आणि नावे असे दोन रकाने आखले आहेत. पहिल्याच ओळीत तिने लिहिले आहे, 'मागील येणे बाकी रु. १८,०००'. काकांनी त्या गृहस्थाला लेखी मागणीचे पत्र पाठवले, त्याची प्रत वहीत चिकटवलेली आहे.

आम्ही निघताना काका कोणाशी तरी फोनवर बोलत होते. "हो, काम बघून घेतो. दर लगेच नाही सांगत साहेब, उद्या चिठ्ठी पाठवतो."